फोटो दाखवला, पुढे काय? नवख्या फोटोग्राफरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून मंडई, कसबा पेठ, पर्वती असं भटकणाऱ्यांची पुण्यात कमी नाही. भटकून झालं की चहा होतो आणि चहाबरोबर एकमेकांचे फोटो बघणं होतं. अडचण तिथेच सुरू होते. बहुतेकांची गाडी 'मस्त रे'च्या पुढे सरकत नाही, आणि ज्याची सरकते तो समोरच्याला दुखावूनच थांबतो. अशा बैठकांना नव्याने येणारी मंडळी जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. उत्तरांत माझी मतं आहेत आणि ती मुद्दाम तशीच ठेवली आहेत. सगळ्यांमागे कसोटी एकच: हे ऐकून पुढच्या वेळी कॅमेरा उचलताना तुम्ही काही वेगळं करणार आहात का?

कॅमेरा आत्ताच घेतलाय. थोडा हात बसल्यावर फोटो दाखवले तर चालेल ना?

चालेल, पण हात बसतो तशा खोडीही बसतात. क्षितिज जरासं वाकडं, उभ्या माणसाचे पाय घोट्यात कापलेले, सब्जेक्ट प्रत्येक वेळी बरोबर मध्यभागी, मागच्या खांबाने डोक्यातून वर काढलेली मान. सहा महिने हेच बघत राहिलात की तुमच्याच डोळ्याला ते दिसेनासं होतं. म्हणून पहिल्या आठवड्यापासून दाखवा. फक्त एक करा: एका वेळी एकच गोष्ट सुधारायला घ्या. या महिन्यात फोकस, पुढच्या महिन्यात बॅकग्राउंड. सगळं एकदम दुरुस्त करायला निघालेला माणूस दिवाळीपर्यंत कॅमेरा कपाटात ठेवतो.

घरचे सगळ्याच फोटोंना 'छान' म्हणतात. खोटं बोलतात का?

नाही हो. आईला फोटोत तुमची मेहनत दिसते, मावशीला तिची सोसायटी दिसते, त्यांना खरंच छान वाटतं. चुकतो तो आपला प्रश्न. त्यांना फोटो कसा आहे हे विचारूच नका. 'आधी कुठे लक्ष गेलं?' एवढंच विचारा. तुम्ही भाचीचं पोर्ट्रेट दाखवलंत आणि आजीने विचारलं, 'मागे तो लाल डबा कसला गं?' की पोर्ट्रेटचा निकाल लागला. फोटोग्राफी न शिकलेली माणसं नजर कुठे गेली हे अगदी सरळ सांगतात, कारण नजर कुठे जायला हवी होती हे त्यांना माहीत नसतं. ती तिकडे का गेली हे त्यांना सांगता येणार नाही. ते शोधणं तुमचं काम.

फोटो दाखवताना मी काय बोलावं?

आधी काहीच नाही. फोटो समोर ठेवा आणि बघणाऱ्याला अर्धा मिनिट बघू द्या. आपण हमखास कहाणी सुरू करतो: पहाटे चारला उठलो, सिंहगडावर धुकं होतं, बोटं गारठली होती, मग अचानक ढग फाटले. कहाणी ऐकलेल्या माणसाला मग फोटोत ती कहाणीच दिसते. तुमच्या गारठलेल्या बोटांची फोटोत कुठेही नोंद नसते.

त्यांचं बघून झालं की मग नेमकं विचारा. 'कसा वाटला?' याला 'छान' हे एकच उत्तर आहे. त्याऐवजी असं विचारून बघा: 'मला तुळशीबागेतली गर्दी दाखवायची होती, पण त्या गर्दीत बांगड्या बघणारी ही मुलगी एकटी वाटायला हवी होती. तशी वाटते का?' आता समोरच्याला उत्तर देण्यावाचून गत्यंतर नाही. वाटत असेल तर कशामुळे, नसेल तर आड काय येतंय. कदाचित तो म्हणेल, की तिच्या कोपराला चिकटून दुसऱ्या बाईची पिशवी आहे, त्यामुळे दोघी बरोबर आल्यासारख्या वाटतात. ही पिशवी तुम्हाला घरी महिनाभर बघूनही दिसली नसती.

अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी कलाकाराला अभिप्राय देण्याची एक पद्धत बसवली आहे. तीत बघणारे आधी आपल्यापर्यंत काय पोहोचलं ते सांगतात, मग कलाकार स्वतः प्रश्न विचारतो, त्यानंतर बघणारे मत न लादता त्याला प्रश्न विचारतात. मतं येतात सगळ्यात शेवटी आणि तीही कलाकाराची परवानगी घेऊन. आपल्या चहाच्या टेबलावर एवढी शिस्त पाळली जाणार नाही हे मला मान्य आहे, पण कलाकाराने आधी विचारायचं हा भाग उचलण्यासारखा आहे.

किती फोटो दाखवायचे?

तीन ते पाच. चाळीस फोटोंचा अल्बम समोर सरकवलात की बघणारा अंगठ्याने वर सारत राहतो आणि शेवटी 'भारी आहेत' म्हणतो. निवडणं हाही कामाचाच भाग आहे. एकाच क्षणाच्या दोन फ्रेममध्ये निवड होत नसेल तर मात्र दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. 'यातला कुठला आणि का?' या प्रश्नाला लाजरा माणूससुद्धा उत्तर देतो.

व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवर मिळालेला अभिप्राय धरायचा का?

प्रकाश, रचना, क्षण यांबद्दलचा धरा. शार्पनेस आणि नॉइज (फोटोतले दाणे) यांबद्दलचा धरू नका. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करतं. मूळ फाइल जायला हवी असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मग फोटोबरोबरची शटर (किती वेळ उघडं होतं), ॲपर्चर (लेन्सचं छिद्र केवढं) आणि आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता किती) यांची नोंदही पोहोचते. मोबाइलने काढला असेल आणि लोकेशन चालू असेल, तर तुमच्या घराचं ठिकाणही त्या नोंदीत असू शकतं. घरात काढलेले फोटो अनोळखी ग्रुपवर टाकण्यापूर्वी तेवढं तपासा.

मलाच धड येत नाही. मी दुसऱ्याच्या फोटोवर काय बोलणार?

नव्यांपैकी जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मंडईतला एक फोटो धरू. पुढे लिंबांचा ढीग, मागे गाळ्यावर बसलेल्या मावशी, त्यांच्या डोक्यावर लोंबणारा पिवळा बल्ब. मावशी मान खाली घालून सुटे पैसे मोजतायत. फोटो काढणारा तुमच्याकडे बघतोय.

आधी फक्त दिसलं ते सांगा. 'माझं लक्ष पहिल्यांदा बल्बकडे गेलं, मग लिंबांकडे आणि मावशींच्या चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी.' याला कॅमेऱ्याचं काडीचं ज्ञान लागत नाही, आणि फोटो काढणाऱ्याला एवढ्यावरच बरंच उमगतं.

मग असं का झालं असावं ते बघा. बल्ब ही फ्रेममधली सगळ्यात उजळ जागा आहे. तिथे तपशील उरलेलाच नाही, नुसता पांढरा ठिपका आहे, आणि नजर उजळ भागाकडे आधी जाते. लिंबं पिवळीधमक आहेत आणि कॅमेऱ्याच्या पुढ्यात आहेत. चेहरा बल्बच्या बरोबर खाली आणि त्यात मान झुकलेली, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळोख.

तिसरी गोष्ट, तुमच्यापर्यंत काय पोहोचलं. 'मला हा लिंबांचा फोटो वाटला. मावशींचा होता का?'

आणि शेवटी सूचना. मावशींचा हवा असेल तर थोडं डावीकडे सरकून किंवा फ्रेम किंचित खाली आणून बल्ब बाहेर काढ. मावशी गिऱ्हाइकाशी बोलायला मान वर करतील तोपर्यंत थांब. मान वर झाली की तोच बल्ब त्यांच्या कपाळावर, गालावर उजेड पाडेल आणि डोळ्यांत चमक येईल. लिंबांचाच फोटो हवा असेल, तर मावशींचे पैसे मोजणारे हात ठेव आणि चेहरा सोडून दे.

बघा, पहिल्या तीन पायऱ्यांत तुम्हाला तज्ज्ञ असावं लागलं नाही. वर्णन, विश्लेषण, अर्थ आणि मग मत, हा क्रम एडमंड फेल्डमन या अमेरिकी कलाशिक्षकांनी चित्रं बघण्यासाठी मांडला. आपल्याकडे उलटं होतं. मत आधी ठोकून दिलं जातं आणि वर्णन होतच नाही. तुम्ही नवखे असाल तर चौथी पायरी खुशाल गाळा. पहिल्या तीन प्रामाणिकपणे केल्यात तरी तुमचा अभिप्राय टेबलावरच्या बऱ्याच जाणत्यांपेक्षा कामाचा ठरेल.

आधी कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक, अशी पद्धत सांगतात. ती वापरू का?

मला पटत नाही. दोन वेळा तसं झालं की ऐकणारा कौतुकाकडे लक्षच देत नाही, 'पण' कधी येतोय याची वाट बघत बसतो. कौतुक करायचं ते नेमकं करा. नवख्याच्या हातून चांगली गोष्ट बऱ्याचदा अपघाताने घडलेली असते आणि ती चांगली आहे हे त्यालाच ठाऊक नसतं. 'पायऱ्यांची तिरकी रेष थेट म्हाताऱ्या आजोबांपर्यंत घेऊन जाते, हे पुन्हा कर' असं सांगितलंत तर पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर तो पुढच्या वेळी ती रेष शोधेल. नुसत्या 'कडक!'ने त्याच्या हाती काही लागत नाही.

'रूल ऑफ थर्ड्स मोडलाय' असं सांगितलं गेलं. खरंच चूक आहे का?

फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन समान भाग पाडायचे आणि सब्जेक्ट मध्यभागी न ठेवता त्या रेषांवर ठेवायचा, हा तो नियम. नियम मोडला ही तक्रारच होऊ शकत नाही. मोडल्याने काय बिघडलं ते सांगा म्हणावं. पाताळेश्वरचा गोल नंदीमंडप समोरून घेताना तो मध्यभागीच ठेवावासा वाटतो, कारण त्याची सगळी ताकद त्या गोलाईत आहे. तो एक तृतीयांशावर ढकलून काय मिळवणार?

सगळे आधी सेटिंग विचारतात. सेटिंगवर बोलण्यात अर्थ आहे?

फोटोत दिसणाऱ्या दोषाचं कारण शोधायचं असेल तर आहे. एरवी ती नुसती जिज्ञासा.

एक उदाहरण फार उपयोगी पडतं. पुण्याजवळच्या कवडीपाटला नदीकाठी पहाटे काढलेला उडत्या बदकाचा फोटो. सगळे म्हणतात, 'ब्लर आलाय.' पण ब्लर तीन तऱ्हांनी येतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा. पाणी, दगड, बदक सगळंच एका दिशेने फरफटलं असेल तर कॅमेरा हलला. दगड शार्प आणि बदकाचे पंख पुसट, तर बदक हललं आणि शटर कमी पडलं. बदक पुसट पण त्याच्या मागचं गवत लख्ख, तर फोकस चुकला. फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला की हे कुणालाही कळतं, सेटिंग विचारायची गरज पडत नाही. ती विचारायची त्यानंतर. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) २०० मिमी लेन्स असेल तर हाताच्या थरथरीपुरता निदान १/३०० सेकंदाच्या आसपास शटर हवा, हा जुना ठोकताळा. उडत्या पक्ष्याला १/१००० पासून पुढे. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, बदकाला थांबवत नाही. 'नवीन लेन्स घे' हा सल्ला देण्याआधी एवढं बघितलं तर पुष्कळांचे पैसे वाचतील.

'गोल्डन अवरला जा', 'खाली वाक', 'जवळ जा'. असे ठरावीक सल्ले ऐकायचे का?

ऐका, पण जागा बघून. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा घ्या. डिसेंबरमध्ये एका नवख्याने त्याचा फोटो दाखवला, दगड सपाट आणि निर्जीव दिसत होते. टेबलावरून सल्ला आला, संध्याकाळच्या सोनेरी उन्हात जा. आता हा दरवाजा नावाप्रमाणे दिल्लीच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूला तोंड करून आहे. हिवाळ्यात पुण्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो. डिसेंबरमध्ये कितीही वेळा गेलात तरी दरवाज्याच्या तोंडावर ऊन पडणार नाही. ते वाड्याच्या मागूनच येणार. तिरकं ऊन हवं असेल तर एप्रिल-मे महिन्यात सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जायला हवं. तेव्हा सूर्य पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला उगवतो, मावळतो आणि उन्हाच्या तिरपेने दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे उठून दिसतात. डिसेंबरमध्येच काढायचा असेल तर मागून येणाऱ्या प्रकाशाचा फायदा घ्या, बुरुजांचं सिल्हूट करा, किंवा सूर्य मावळल्यावर आकाश गर्द निळं असताना जा.

सल्ला देणाऱ्याची काही चूक नव्हती, त्याने जागेचा विचार केला नव्हता इतकंच. म्हणून कुठलाही सल्ला ऐकलात की तो त्या जागी, त्या ऋतूत करता येईल का हे मनात एकदा फिरवून बघा.

पालखी, विसर्जन मिरवणूक वर्षातून एकदाच. त्या फोटोंवर सूचना देऊन उपयोग काय?

इथे सूचनेचा सूर बदलावा लागतो. पर्वतीच्या फोटोबद्दल 'दोन पावलं मागे जायला हवं होतं' म्हटलं तर माणूस पुढच्या रविवारी मागे जाऊन बघतो. दिवे घाटात वळणावरून वर येणाऱ्या वारकऱ्यांच्या रांगेबद्दल तेच म्हटलं तर त्याच्या पदरी नुसती हळहळ पडते. पालखी पुढे सासवडला गेली, आता काय करू?

तर अशा फोटोंबद्दल तीन गोष्टी बोलण्यासारख्या असतात. एक, काढलेल्यांतून निवड. गर्दीच्या दिवशी माणूस शेकड्याने फ्रेम घेतो आणि बहुधा सगळ्यात रंगीत फ्रेम निवडतो. बाकीच्या दाखव म्हणा. टाळ वाजवणाऱ्या माउलींच्या शेजारी चपलेचा अंगठा शिवणारा वारकरी तिसऱ्या ओळीत कुठेतरी दडलेला असतो. दोन, क्रॉप आणि एडिटिंग. तीन, पुढच्या वर्षीची तयारी, म्हणजे कुठे उभं राहायचं, कुठली लेन्स, किती वाजता.

आणि सराव मात्र वर्षभर थांबायची गरज नसते. लक्ष्मी रोडवरचा ढोलाचा फोटो घ्या. अभिप्राय आला की टिपरू हवेत गोठलंय, त्यामुळे दणका जाणवत नाही. १/५०० ला टिपरू गोठतं. १/३० च्या आसपास आलात की टिपरू आणि हात फिरताना दिसतात, चेहरा जवळपास स्थिर राहतो, अर्थात वादक झुलत असेल तर चेहराही जातो. हे मिरवणुकीच्या रेटारेटीत शिकायला जाऊ नका. गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांचा सराव संध्याकाळी चालू असतो. पथकप्रमुखांना विचारून तिथे जा, शटर खालीवर करून बघा. ही सूचना पडताळायला तिथे आठ दिवसांत जागा मिळते.

दोघांनी अगदी उलट गोष्टी सांगितल्या. कुणाचं ऐकू?

एक म्हणतो कृष्णधवल कर, दुसरा म्हणतो रंग हाच या फोटोचा जीव आहे. असं झालं की त्या सूचना बाजूला ठेवून दोघांना खुपलं काय ते शोधा. बऱ्याचदा दोघांना एकच गोष्ट खुपत असते. वर सांगितलेल्या मंडईच्या फोटोत गालाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी दिसू शकते, कारण दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिनचा आणि तो बल्ब २७०० च्या आसपासचा (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). एकाला ती खिचडी रंग काढून टाकून मिटवायची असते, दुसऱ्याला व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग सावरणारं सेटिंग, सुधारून. दोघांचं निदान एकच आहे. उपाय तुम्ही निवडा, किंवा तिसरा शोधा.

आणि निदानही जुळत नसेल तर तुम्हाला जे दाखवायचं होतं त्याच्या जवळ नेणारं ऐका. दोन्ही करून बघायला फाइलचं काही झिजत नाही.

पुणेरी खवचटपणाचं काय करायचं?

'कॅमेरा चांगला आहे हो तुमचा.' 'फोकस घरी राहिला वाटतं.' 'हा फोटो आहे की पुरावा?' पेठेत वाढलेल्याला यात प्रेमच दिसतं, बाहेरून आलेला मात्र पुन्हा बैठकीला येत नाही. ऐकणाऱ्याला माझा सल्ला असा, की टोमण्यातलं निदान काढून घ्या आणि टोमणा तिथेच सोडा. फोकस घरी राहिला म्हणतायत ना? विचारा, 'कुठे शार्प दिसतंय तुम्हाला?' खरंच बघितलं असेल तर सांगतील. नसेल तर विषय आपोआप संपतो.

बोलणाऱ्यांना एवढंच, की टोमणा मारायचाच असेल तर पाटीवर मारा, शहराची परंपरा आहे. नवख्याच्या पहिल्या फोटोवर नको. 'तुला नजरच नाही' यावर त्याने पुढच्या रविवारी काय करायचं? माणसाबद्दल बोलू नका, फ्रेमबद्दल बोला.

ऐकताना गप्प बसावं की बाजू मांडावी?

गप्प बसा आणि लिहून घ्या. 'तिथे उभं राहायला जागाच नव्हती' हे खरं असेलही, पण ते सांगितलंत की समोरचा पुढचं बोलायचं टाळतो. पटलं नाही तरी लिहा, आठवड्याने वाचा. रागात ऐकलेल्या सूचनांपैकी एखादी तरी तोपर्यंत रास्त वाटू लागते. जी तेव्हाही वाटणार नाही ती खोडा. कुणाचं मन राखायला स्वतःचा फोटो बदलायची गरज नाही.

क्रॉप करून सुधार म्हणतात. ही फसवणूक नाही का?

नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ क्रॉप न करण्याबद्दल प्रसिद्ध होते. पण पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनमागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ सालचा गाजलेला फोटो क्रॉप केलेला आहे. कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून तो काढला होता आणि कडेला फळी आली होती. त्यांनी ती कापली. तुम्हीही कापा.

मर्यादा मात्र ओळखा. कडेचा हात, कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा क्रॉपने जातो. बल्बसारखा पूर्ण पांढरा पडलेला भाग एडिटिंगने परत येत नाही. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने नोंदलेल्या कच्च्या फाइलमध्ये) १६,३८४, म्हणून रॉमध्ये सावरायला वाव जास्त. तरी जिथे काही नोंदलंच गेलं नाही तिथून काय काढणार? अभिप्राय देताना हे वेगळं करून सांगितलं की ऐकणाऱ्याला कळतं, घरी बसून काय सुधारेल आणि कशासाठी परत जावं लागेल.

फोटोत माणसं असतील तर आणखी काय बघावं?

तो माणूस हा फोटो बघून काय म्हणेल, हे बघावं. रस्त्याकडेला झोपलेला माणूस, भिंतीआड आंघोळ करणारं मूल, उघड्यावर कपडे बदलणाऱ्या वारकरी बायका यांचे फोटो रचनेने उत्तम असू शकतात. तरी 'हा दाखवू नकोस' हा तिथे रास्त अभिप्राय आहे आणि तो देताना अडखळू नये. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारलं होतंस का, हा पहिला प्रश्न. मंडईतल्या मावशींना विचारलंत तर त्या बहुतेकदा पदर सारखा करून 'काढ की बाबा' म्हणतात. मग थोडा वेळ गप्पा मारा, त्या पुन्हा कामाला लागल्या की फोटो काढा आणि स्क्रीनवर त्यांना दाखवा. त्यांचं मतही ऐका. 'तोंड काळं आलंय' हे त्यांनी सांगितलं तर ते एक्स्पोजरवरचं बिनचूक निरीक्षण आहे.

ग्रुपमधल्या सरांच्या फोटोबद्दल नवख्याने बोलावं का?

बोलावं. मत देऊ नका, प्रश्न विचारा: 'सर, तुम्ही आकाश एवढं गडद का ठेवलंत?' कारण असेल तर तुम्ही शिकाल, नसेल तर सरांना एक नवा विचार मिळेल. आणि सर चिडले, तर दुसरा ग्रुप बघा. पुण्यात ग्रुपना तोटा नाही.

माझे फोटो मोबाइलवरचे आहेत. त्यावर कोण बोलणार?

प्रकाश, क्षण, रचना याबद्दल जे कॅमेऱ्याला लागू तेच मोबाइलला. दोन गोष्टी वेगळ्या तपासा: पोर्ट्रेट मोडमध्ये केसांच्या आणि चष्म्याच्या कडा खाल्ल्या गेल्यात का, आणि वाइड लेन्सने कडेचा माणूस ताणला गेलाय का.

स्पर्धेत फोटो निवडला गेला नाही. हा अभिप्राय समजायचा?

नाही. परीक्षक एका फोटोसमोर फार थोडा वेळ असतात आणि तुम्हाला कारण कळत नाही, मग सुधारणार काय? त्यापेक्षा निवडलेल्या फोटोंचं प्रदर्शन लागलं की बघायला जा. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात फोटोंची प्रदर्शनं लागतात. एका भिंतीसमोर उभे राहा आणि वरच्या लिंबांसारखं करा. आधी नजर कुठे गेली, का गेली, काय पोहोचलं. तिथे फोटो काढणारे बऱ्याचदा स्वतः हजर असतात, त्यांना विचारा.

अभिप्रायासाठी स्क्रीनवर दाखवू की प्रिंट काढू?

रोजचं स्क्रीनवर, पण महिन्यातून एखादा प्रिंट काढा. स्क्रीन मागून उजळलेली असते, त्यामुळे सावल्या मोकळ्या वाटतात. कागदावर त्या बुजतात, आणि आपण फोटो किती गडद ठेवतो हे पहिल्यांदा कळतं. प्रिंट टेबलावर ठेवला की लोक हातात घेतात, उलटा करून बघतात, बोट ठेवून दाखवतात. ८ बाय १२ इंचाला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) २४०० बाय ३६०० पिक्सेल पुरतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलच्या आत काम भागतं. ग्लॉसीवर ट्यूबलाइटची चमक येते आणि अर्धा फोटो दिसत नाही, म्हणून बैठकीला न्यायचा असेल तर मॅट कागद सांगा. लॅबवाल्याला 'ऑटो करेक्शन करू नका' हेही सांगा, नाहीतर अभिप्राय त्याच्या मशीनला मिळेल.